ऊस बिलाची प्रोसेस अडकते, पण अलर्ट येत नाही: दर पंधरवड्याच्या त्रासावर उपाय

लक्षण बहुतेक ठिकाणी सारखंच दिसतं. पंधरवडा संपला की ऊस बिलाची प्रोसेस सुरू होते आणि त्याच रात्री मोबाईलवर शे-दोनशे अलर्ट येतात. सकाळी बघावं तर सगळी कामं आपोआप पुढं सरकलेली असतात. चार दिवसांनी मात्र शेतकी विभागातून फोन येतो, की अमुक गटातल्या साठ शेतकऱ्यांची बिलं बँकेत गेलेलीच नाहीत. मॉनिटरिंगच्या पडद्यावर सगळं हिरवं असतं. सर्व्हर चालू, डेटाबेस चालू, लॉगमध्ये एरर नाही. थ्रेशोल्ड, म्हणजे अलर्ट वाजायची मर्यादा, वाढवला तर रात्रीचा गोंधळ थांबतो, पण अडकलेली बिलं निसटतात. कमी केला की पुन्हा शंभर अलर्ट.

दोन्ही त्रासांचं मूळ एकच आहे. 'किती कामं थांबली आहेत' हे मोजलं जातं. मोजायला हवं ते असं: कुठल्या पायरीवर, सगळ्यात जुनं काम किती वेळ थांबलंय. १६ तारखेला सहा हजार बिलं एकदम सुरू होतात आणि मिनिटाला ५० पुढं जातात, तर रांग रिकामी व्हायला दोन तास लागणारच. सहा हजार हा आकडा मोठा आहे, पण त्यात बिघाड काहीच नाही. उलट १९ तारखेला फक्त ६० कामं शिल्लक आहेत आणि ती तीन दिवस हललेली नाहीत, हा खरा बिघाड. संख्येवर लावलेला अलर्ट पहिल्या वेळी ओरडतो आणि दुसऱ्या वेळी गप्प बसतो.

उदाहरण कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्याच्या बिलाचं घेतलंय. पायऱ्या अशा: काट्याची वजन पावती जुळवणं, सोसायटीची वसुली (शेतकऱ्याच्या कर्जाची कपात) मागवणं, शेतकी अधिकाऱ्यांची मंजुरी, बँकेची फाइल पाठवणं. नावं आणि डिफॉल्ट आकडे कॅमुंडा ७ चे आहेत. प्रोसेसच्या पायऱ्या क्रमानं चालवणारं हे सॉफ्टवेअर, पुढं त्यालाच इंजिन म्हटलंय. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या खरेदी मंजुरीलाही हीच पद्धत लागू पडते.

आधी ओळखा, काम कशामुळं थांबलंय

अलर्टला हात लावण्याआधी अडकलेल्या चार-पाच बिलांचे इन्स्टन्स (प्रत्येक बिलाची चालू प्रोसेस) कॅमुंडाच्या कॉकपिट या पडद्यावर उघडा आणि टोकन, म्हणजे काम कुठवर आलंय याची खूण, नेमकं कुठं आहे ते बघा. थांबण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि त्यातला एकच प्रकार इंजिन स्वतःहून कळवतं.

तो प्रकार म्हणजे फेल झालेला जॉब. जॉब म्हणजे इंजिननं मागाहून चालवायला ठेवलेलं काम. अशा असिंक्रोनस पायरीत एक्सेप्शन (एरर) आलं की इंजिन एकूण ३ प्रयत्न करतं. ते संपले की रिट्राय, म्हणजे उरलेल्या प्रयत्नांचा आकडा, ० होतो आणि इन्सिडंट (बिघाडाची नोंद) तयार होतो. इथं एक मोठी अडचण आहे: डिफॉल्ट सेटिंगमध्ये हे तीन प्रयत्न एकामागोमाग लगेच होतात. बँकेचा सर्व्हर दोनच मिनिटं बंद असला तरी तेवढ्यात तिन्ही संपतात आणि रात्री शंभर इन्सिडंट उभे राहतात. बाहेरच्या सिस्टीमला हाक मारणाऱ्या प्रत्येक पायरीवर रिट्राय टाइम सायकल स्वतः लिहा: आर५/पीटी१०एम, म्हणजे दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं पाच प्रयत्न. रात्रीचे बरेच अलर्ट एवढ्यानंच थांबतात. जे सुटत नाहीत तेच पुढं येतात. कॅमुंडाऐवजी फ्लोएबल हे इंजिन वापरत असाल तर प्रयत्न संपलेला जॉब नेहमीच्या टेबलातून उचलून डेडलेटर जॉबच्या वेगळ्या टेबलात जातो. नेहमीच्या टेबलात रिट्राय ० शोधणारी क्वेरी तिथं कायम शून्यच दाखवत राहील.

दुसरा प्रकार एक्स्टर्नल टास्कचा, म्हणजे इंजिनबाहेरचा प्रोग्राम (वर्कर) येऊन उचलतो त्या कामाचा. बँक फाइल पाठवणारा वर्कर मेला, किंवा नव्या डिप्लॉयमेंटमध्ये टॉपिकच्या (वर्कर ज्या नावानं काम शोधतो त्या) नावात एक अक्षर चुकलं, तर ते काम कुणी उचलतच नाही. एक्स्टर्नल टास्कचा रिट्राय सुरुवातीला रिकामा असतो. वर्करनं काम उचलून 'फेल, रिट्राय ०' असं कळवलं तरच इन्सिडंट होतो. कळवणाराच नसेल तर काम तिथंच पडून राहतं. लॉग स्वच्छ आणि इन्सिडंट शून्य.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो: मेसेजची वाट बघणारं टोकन. सोसायटीच्या वसुलीची माहिती मागवली, उत्तर मेसेज म्हणून यायचं आहे. ते आलंच नाही, किंवा आलं आणि जुळलं नाही, तर वाट बघणाऱ्या बाजूला काहीच नोंद होत नाही. न जुळल्याची एरर मेसेज पाठवणाऱ्याच्या बाजूला पडते. न जुळण्याची कारणं दोन. एक, उत्तर फार लवकर येतं. विनंती पाठवणं आणि 'वाट बघणं' दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असतील, तर ती कमिट (डेटाबेसमध्ये पक्की) होण्याआधी आलेल्या उत्तराला वाट बघणारं कुणी सापडत नाही. टेस्ट सर्व्हरवर उत्तर सावकाश येतं म्हणून ही चूक तिथं दिसत नाही. दोन, कोड जुळत नाही. सभासद कोड '००४५१२' असतो, मधे कुणी फाइल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करतो आणि पुढची शून्यं जाऊन '४५१२' उरतो. त्या गटातली सगळी बिलं तिथंच थांबतात. उपाय: कोड दोन्ही बाजूंनी टेक्स्ट म्हणून सहा अंकी करूनच जुळवा. न जुळलेला मेसेज फेकू नका, १०, ३०, ९० सेकंदांनी पुन्हा लावून बघा. तरीही न जुळलेल्यांची स्वतंत्र मोजणी ठेवा, आणि ती शून्याच्या वर गेली की अलर्ट.

चौथा प्रकार म्हणजे वेळ उलटूनही न उचललेला जॉब: जॉब एक्झिक्युटर (जॉब उचलून चालवणारा इंजिनचा भाग) बंद पडलेला, किंवा त्याचे सगळे थ्रेड लांबलचक कामात गुंतलेले. निवांत असताना एक्झिक्युटर दोन फेऱ्यांमध्ये ६० सेकंदांपर्यंत थांबतो, म्हणून टायमर मिनिटभर उशिरा चालणं नॉर्मल आहे. इथला थ्रेशोल्ड ५ मिनिटांच्या खाली नेऊ नका. जॉबचं लॉक डिफॉल्टनं ५ मिनिटांचं असतं. एखादी पायरी त्याहून जास्त वेळ चालली तर दुसरा नोड (इंजिन चालवणारा दुसरा सर्व्हर) तोच जॉब पुन्हा उचलतो. वसुलीचा हिशोब दोनदा लागण्याचं हे नेहमीचं कारण. अशा पायरीचे तुकडे करा, नाहीतर लॉकची वेळ वाढवा.

लॉगमधल्या शब्दावर अलर्ट लावला असेल तर ऑप्टिमिस्टिक लॉकिंग एक्सेप्शन त्यातून वगळा. दोन थ्रेड एकाच ओळीवर आले की ते येतं, इंजिन तो जॉब पुन्हा चालवतं आणि रिट्रायही कमी करत नाही.

पाचवा प्रकार युजर टास्कचा, म्हणजे माणसानं करायच्या पायरीचा, त्याबद्दल पुढं.

मोजणी कशी लावायची

दोन क्वेरी लागतात. एका क्वेरीत भागत नाही आणि बहुतेक सेटअप इथंच चुकतात.

पहिली क्वेरी हिस्टरीच्या ॲक्टिव्हिटी टेबलावर, म्हणजे एसीटी_एचआय_ॲक्टइन्स्टवर. ज्या ओळींची संपल्याची वेळ रिकामी आहे त्या घ्या, प्रोसेस की आणि ॲक्टिव्हिटी आयडीनुसार गट करा, प्रत्येक गटातली सर्वात जुनी सुरुवातीची वेळ आणि संख्या काढा. युजर टास्क, एक्स्टर्नल टास्क, मेसेजची वाट, तिन्ही यात सापडतात. सबप्रोसेस आणि कॉल ॲक्टिव्हिटी वगळा, नाहीतर आतलं काम व्यवस्थित चालू असताना बाहेरची चौकट जुनी दिसून खोटा अलर्ट येतो. हिस्टरी लेव्हल निदान 'ॲक्टिव्हिटी' हवी. हे टेबल मोठं असतं, म्हणून क्वेरी १५ सेकंदांना न चालवता मिनिटाला एकदा चालवा.

दुसरी क्वेरी जॉबच्या टेबलावर, एसीटी_आरयू_जॉबवर. 'असिंक बिफोर' लावलेली पायरी जॉब चालेपर्यंत सुरूच झालेली नसते, त्यामुळं हिस्टरीच्या टेबलात तिची ओळ नसते. पायरी फेल झाली तर ट्रान्झॅक्शन मागं जातं आणि तेव्हाही ओळ नसते. म्हणजे फेल होणाऱ्या नेमक्या पायऱ्या पहिल्या क्वेरीतून गळतात. जॉबचं वय काढताना आणखी एक खबरदारी: असिंक जॉबचा ड्यू डेट (चालवायची ठरलेली वेळ) बहुधा रिकामा असतो. ड्यू डेटवरूनच वय काढलं तर उत्तर रिकामं येतं आणि अलर्ट कधीच वाजत नाही. ड्यू डेट नसेल तर तयार झाल्याची वेळ धरा. सस्पेन्शन स्टेट १ असलेलेच जॉब घ्या. २ म्हणजे मुद्दाम थांबवलेले. त्यांच्यासाठी वेगळा, रोज सकाळी एकदाच येणारा निरोप ठेवा, कारण थांबवलेली डेफिनिशन पुन्हा चालू करायला विसरणं सर्रास घडतं.

थ्रेशोल्ड अंदाजानं ठेवू नका. मागच्या गाळप हंगामाची हिस्टरी काढा, प्रत्येक पायरीला शंभरातल्या ९५ कामांना किती वेळ लागला ते बघा आणि त्याच्या दुप्पट ठेवा. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर इशारा पातळी असते आणि ४३ फुटांवर धोका पातळी, आणि दोन्ही वेळी करायची कामं वेगळी असतात. पायरीलाही तशाच दोन पातळ्या द्या. बँक फाइलला १ तासाला इशारा आणि ३ तासांना धोका: इशारा फक्त चॅनेलवर पडेल, धोक्याला फोन वाजेल. दोन्ही वेळी तोच माणूस तेच करणार असेल तर दुसरी पातळी काढून टाका.

साडेपाच तासांचा घोळ

नवीन सेटअपमध्ये पहिल्याच दिवशी प्रत्येक काम जन्मतःच जुनं दिसत असेल, तर वयाचा सर्वात लहान आकडा बघा. तो १९,८०० सेकंदांच्या आसपास असेल तर बाकी काही शोधू नका. ५ तास ३० मिनिटं म्हणजे बरोबर १९,८०० सेकंद.

इंजिन वेळ साठवतं ती टाइमझोनशिवाय, जाव्हाच्या टाइमझोनमध्ये. कंटेनरमध्ये ती बहुतेक यूटीसी असते. डेटाबेसचं सेशन आशिया/कोलकातावर असेल आणि वजाबाकी डेटाबेसच्या 'आत्ता'मधून केली, तर साडेपाच तास जादा येतात. उलट असेल तर वय वजा येतं, आणि ही बाजू जास्त घातक, कारण कामं खरी साडेपाच तास जुनी होईपर्यंत अलर्ट शांत राहतो. सकाळी ९ ला चालायचं क्रॉन दुपारी २:३० ला चालणं हेही याच घोळाचं लक्षण. जाव्हा, डेटाबेस सेशन आणि क्वेरी चालवणारा एक्स्पोर्टर तिन्ही एकाच टाइमझोनवर आणा. एक काम मुद्दाम सुरू करून मिनिटाच्या आत त्याचं वय ६० च्या खाली दिसतं का, तेवढं तपासा.

चौदा दिवस कुठून मोजायचे

हा भाग सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, पण पैसे इथंच अडकतात. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणं, वेगळा लेखी करार नसेल तर ऊस पोचल्याच्या तारखेपासून १४ दिवसांत रक्कम द्यायची असते. उशीर झाला तर त्या काळाचं वर्षाला १५ टक्के दरानं व्याज लागतं. आता बिलाची प्रोसेस पंधरवडा संपल्यावर, म्हणजे १६ तारखेला सुरू होते. १ तारखेला काट्यावर आलेल्या उसाचे १४ दिवस १५ लाच भरलेले असतात. प्रोसेस सुरू झाल्यापासून वय मोजणारा अलर्ट मात्र त्या बिलाला 'आजचं काम' म्हणतो.

म्हणून पायरीच्या वयाबरोबर एक व्यवसायाचं वय ठेवा. वजन पावतीची सर्वात जुनी तारीख प्रोसेस व्हेरिएबल म्हणून, 'डेट' प्रकारात साठवा. टेक्स्टमध्ये ठेवली तर '०२/१२' आणि '१२/०२' यांची गल्लत होते. अलर्ट या तारखेपासून १० व्या, १२ व्या आणि १४ व्या दिवशी लावा. पंधरवड्याच्या सुरुवातीला आलेल्या उसासाठी हे अलर्ट प्रोसेस सुरू व्हायच्या आधीच यायला लागतात, त्यामुळं ते इंजिनच्या टेबलातून न काढता काट्याच्या डेटाबेसमधून 'बिल न झालेली सर्वात जुनी पावती' या क्वेरीतून काढावे लागतात. इथं थोडं जास्त काम आहे, पण ते टाळू नका. सोसायटीच्या कर्जाचं व्याज शेतकऱ्याला चालूच असतं.

प्रोमिथियस आणि अलर्टमॅनेजर

प्रोमिथियस मोजणीचे आकडे एक्स्पोर्टरकडून गोळा करून अलर्टचे रूल तपासतं, अलर्टमॅनेजर ते अलर्ट गट करून पाठवतं. आकड्याच्या लेबलमध्ये प्रोसेस, पायरी आणि पातळी एवढंच ठेवा. इन्स्टन्स आयडी लेबलमध्ये घातला की साठ बिलांचे साठ अलर्ट होतात आणि प्रोमिथियसवरही ताण येतो. सर्वात जुन्या इन्स्टन्सचा आयडी हवा असेल तर डॅशबोर्डच्या लिंकवर दाखवा. गट प्रोसेस आणि पायरीवर करा. अलर्टमॅनेजरचे डिफॉल्ट असे: ग्रुप वेट ३० सेकंद, ग्रुप इंटरव्हल ५ मिनिटं, रिपीट इंटरव्हल ४ तास. धोका पातळीला रिपीट १ तास करा, इशाऱ्याला २४ तास. डेटाबेस बंद असल्याचा अलर्ट चालू असेल तर बाकी सगळ्या पायऱ्यांचे अलर्ट इनहिबिट नियमानं दाबा.

रूलमधल्या 'फॉर'ला (अट किती वेळ टिकली की अलर्ट वाजवायचा) १० मिनिटं द्या. क्वेरी चालवणारा एक्स्पोर्टर मेला तर सिरीजच (त्या आकड्यांची मालिका) गायब होते आणि अलर्ट 'रिझॉल्व्ह्ड' म्हणून बंद होतो. हिरवा निरोप येतो, सगळे निवांत होतात आणि बिलं तिथंच. एक्स्पोर्टरच्या हजेरीवर 'ॲबसेंट'चा वेगळा रूल लावा. शून्य कामं असताना गटाची ओळच येत नाही, म्हणून 'ॲबसेंट' पायरीच्या सिरीजवर न लावता नेहमी १ देणाऱ्या एका साध्या सिरीजवर लावा. शिवाय कायम वाजत राहणारा एक वॉचडॉग अलर्ट कारखान्याच्या नेटवर्कबाहेरच्या सेवेला दर ५ मिनिटांनी पाठवा. तो पोचायचा थांबला की बाहेरून फोन यावा. मॉनिटरिंगचाच सर्व्हर पडला तर दुसरं कुणी सांगणार नाही.

सुट्टीचं कॅलेंडरही बघा. अलर्टमॅनेजरमधल्या वेळा सांगितलं नाही तर यूटीसी धरल्या जातात. लोकेशनमध्ये आशिया/कोलकाता लिहा. फाउंड्रीची साप्ताहिक सुट्टी सोमवारी आणि कॅलेंडर रविवारचं, असं असेल तर दर सोमवारी मंजुरीचे खोटे अलर्ट येणारच. पावसाळ्यात महामार्ग बंद पडला, २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ झाला होता तसा, तर माल पाठवण्याच्या पायऱ्या खरोखरच थांबतात. तेव्हा थ्रेशोल्ड बदलू नका. त्या पायरीपुरता सायलेन्स लावा, कारण लिहा, संपायची वेळ २४ तासांची ठेवा आणि गरज पडली तर रोज वाढवा. पूर ओसरल्यावर वाढवलेला थ्रेशोल्ड मागं आणायची आठवण कुणाला राहत नाही.

माणसांच्या पायऱ्या

शेतकी अधिकाऱ्यांच्या मंजुरीचा अलर्ट आयटीला पाठवून उपयोग नाही. जॉब, वर्कर, मेसेज हे आयटीकडं. युजर टास्क त्या विभागाकडं. सगळे अलर्ट एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं बघितलं असेल.

आठवण देण्यासाठी टास्कवर बाउंडरी टायमर (टास्कच्या चौकटीला चिकटवलेला टायमर) लावताना तो नॉन-इंटरप्टिंग, म्हणजे टास्क न थांबवणारा, आहे ना, हे आकृतीत बघा: तुटक रेषेचं वर्तुळ. सलग रेषेचं राहिलं तर टायमर वाजल्याबरोबर मंजुरीचा टास्कच रद्द होतो आणि साहेबांच्या यादीतून बिल नाहीसं होतं. ही चूक दिसायला एवढीशी आहे, पण 'टास्क आपोआप गायब होतात' या तक्रारीमागं पहिल्यांदा हीच तपासावी. ज्या टास्कला असाइनीही (नेमलेला माणूस) नाही आणि कँडिडेट ग्रुपही (तो करू शकणारा गट) नाही, तो कुणाच्याच यादीत दिसत नाही. असे टास्क शून्यापेक्षा जास्त झाले की लगेच अलर्ट, वयाची वाट न बघता.

निरोप वाचून पहिली कृती कळली पाहिजे. असा:

"ऊस बिल, बँक फाइल पाठवणे. सर्वात जुनं काम ३ तास १० मिनिटं थांबलंय, सकाळी ११:४० पासून. एकूण ६२. आधी बघा: बँकेचा वर्कर चालू आहे का. जबाबदारी: आयटी, दुसरी पाळी."

चाचणी आणि पुन्हा चालवताना

टेस्ट सर्व्हरवर बँकेचा वर्कर बंद करा, एक बिल सोडा आणि घड्याळ लावा. थ्रेशोल्ड ओलांडल्यानंतर फोन वाजायला किती वेळ लागेल याचा हिशोब असा: स्क्रेप (प्रोमिथियसनं आकडे घेणं) १ मिनिटापर्यंत, रूल तपासणी १ मिनिटापर्यंत, 'फॉर' १० मिनिटं, ग्रुप वेट ३० सेकंद. साडेबारा मिनिटांच्या आत फोन वाजला पाहिजे. नाही वाजला तर प्रोमिथियसच्या अलर्ट पानावर रूल पेंडिंग आहे की फायरिंग ते बघा. फायरिंग असेल तर दोष राउटिंगमध्ये किंवा मेसेज पाठवणाऱ्या सेवेत, पेंडिंगही नसेल तर क्वेरीत. नंतर एक्स्पोर्टर बंद करून बघा, मग सोसायटीचं उत्तर चुकीच्या कोडनं पाठवून बघा. ही तिन्ही प्रकरणं हंगाम सुरू व्हायच्या आधी एकदा आणि प्रत्येक डिप्लॉयमेंटनंतर एकदा.

अडकलेली बँक फाइल सापडली की लगेच सगळ्या जॉबचे रिट्राय ३ करून मोकळं व्हायचा मोह होतो. थांबा. बँकेनं रक्कम जमा केली पण उत्तर परत येताना टाइमआउट झाला, असंही असू शकतं. आधी प्रत्येक बिलाचा संदर्भ क्रमांक बँकेच्या स्टेटमेंटमधल्या यूटीआरशी (व्यवहार क्रमांकाशी) ताडून बघा. जमा झालेली बिलं हातानं पुढच्या पायरीवर न्या, उरलेली दहा-दहाच्या तुकड्यांनी पुन्हा सोडा आणि पहिल्या दहांचे यूटीआर येईपर्यंत पुढची सोडू नका.